झाकलेला उपास

शालिकरामला लपवाछपवी जमत नाही, हे भिलाईच्या रुआबांध्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बायकोसाठी साडी आणायची तर तो आदल्या दिवशीच विचारून बसायचा, "हिरवा रंग चालन का तुले?" आणि वर म्हणायचा, "असंच विचारलं." अशा माणसाने आयुष्यात एकदाच एक गोष्ट लपवायची ठरवली, आणि ती इतक्या मन लावून लपवली की तिचा वास अर्ध्या सेक्टरला आला. चमेलीचा वास.

पण आधी त्याच्या चर्चच्या मंडळीबद्दल सांगायला हवं, नाहीतर त्याने असं का केलं ते कळायचं नाही. भिलाईत मराठी ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच. कुणाचा आजा अचलपूरकडच्या मिशनच्या दवाखान्यात माळी, कुणाची आजी तिथेच दाई. पुढे पोलादाचा प्लांट उभा राहिला आणि बापलोक नोकरीला इकडे आले. रविवारी हिंदीवाल्यांची भक्ती आटोपली की दुपारी त्याच चर्चमध्ये यांची मराठी भक्ती. प्रभूवर यांचा विश्वास दांडगा. पोटात गोष्ट ठेवण्याच्या बाबतीत मात्र सगळा आनंद. भक्तीत साक्ष द्यायला उभे राहिले की माणसं घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडतात. त्यात व्हॉट्सॲपवर प्रार्थनेचा ग्रुप निघाला आणि उरलंसुरलं झाकणही उडालं. अमक्या काकांच्या मूळव्याधीसाठी प्रार्थना करा, असा निरोप सकाळी पडला की संध्याकाळी भेटेल तो त्या काकांना बसायला उशी देतो. यात दुष्टपणा अजिबात नाही. प्रेमच आहे, पण असलं प्रेम सोसायला कातडी जाड लागते.

या जानेवारीत शेवंताच्या, म्हणजे शालिकरामच्या बायकोच्या काखेत गाठ लागली. तिने त्याला बजावलं, "ग्रुपवर टाकान तर याद राखा." दोघे गुपचूप दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, आणि बाहेरच्या बाकावर बसून शेवंता म्हणाली, "काही वाईट निघालं तं?"

शालिकराम म्हणाला, "काही नाही निघत. मच्छर चावला असन. तुह्यं रक्त गोड आहे ना."

आणि हसला. आता एखादा माणूस मनातून घाबरला की तो एकतर रडतो, नाहीतर असलं काहीतरी खुळ्यासारखं बोलतो. पुरुषाने रडू नये हे त्याच्या बापाने त्याला पट्ट्याने शिकवलं होतं, म्हणून हा मच्छर. शेवंताने ओठ आवळून घेतले आणि तोंड फिरवलं. तिला पाणी आणतो सांगून तो उठला, पाण्याच्या मशीनमागे गेला, भिंतीला कपाळ टेकलं आणि प्रभूला म्हणाला, "हिले नको नेऊ. रिपोर्ट साफ येऊ दे, मी काहीतरी करीन. काय करू ते तूच सांग."

रिपोर्ट साफ आला. चरबीची साधी गाठ होती. शेवंताने मग स्वतःच सगळ्यांना सांगितलं, आणि प्रत्येकाला शेवटी हेही सांगितलं, "याईले काहीच नाही वाटलं. मी मेली असती तं हे म्हणाले असते, मच्छर लई मोठा होता."

शालिकराम हे सगळं ऐकून घ्यायचा. आता काय सांगणार?

मग आला भस्म बुधवार, ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. मंडळीचे पाळक, पुंडलिकसाहेब, यांनी उपवासकाळाचा संदेश दिला. म्हणाले, उपास करायचा तर सुतकी तोंड घेऊन मिरवू नका. डोक्याला तेल लावा, तोंड स्वच्छ धुवा, हसतमुख राहा, कुणाला कळूसुद्धा देऊ नका. लोकांना कळलं, त्यांनी वाहवा केली, की तुमचं फळ तिथेच मिळून गेलं. पुढच्या बाकावरचे दोघे पेंगत होते. शेवंता मागच्या व्हरांड्यात मंडळीचा चहा करत होती. शालिकराम मात्र ताठ बसला. प्रभूने आपल्याला उत्तर पाठवलं, हे त्याला स्वच्छ कळलं.

चाळीस दिवस, फक्त रात्रीचं एक जेवण. कुणाला सांगायचं नाही. आणि कळलंच कुणाला तर? तर सौदा मोडला आणि गाठ परत! पाळकसाहेब असलं काहीही बोलले नव्हते. हे शेपूट शालिकरामच्या भीतीने परस्पर जोडलं होतं, पण एकदा जोडलं ते जोडलं.

आता दुसऱ्या कुणी हा उपास गुपचूप पार पाडलाही असता. पण शालिकराम प्लांटमध्ये पस्तीस वर्षं काढलेला माणूस. सांगितलेली कृती तो तंतोतंत करतो. तेल लावा म्हटलं, म्हणजे लावलंच पाहिजे! या माणसाने लग्नानंतर कधी कंगव्याला हात लावला नव्हता. ओल्या तळव्याने केस दाबले की झालं. तो आता रोज सकाळी चमेलीच्या तेलाने डोकं चोपडू लागला. तोंड धुवायला चंदनाचा साबण आणला. रोज दाढी. आणि हसतमुख राहायचं म्हणून, पोटात कावळे कोकलत असताना, फोटोवाल्याने 'हसा' म्हटल्यावर हसतात तसं तो दिवसभर हसू लागला.

"काय होऊन राहिलं तुमाले?" शेवंताने तिसऱ्याच दिवशी विचारलं.

"मले काय होते?"

"हसून कावून राहिले?"

"असंच."

असंच म्हणजे काय, हे लग्नाला एवढी वर्षं झालेल्या बाईला सांगावं लागत नाही. तिने त्याला खालून वरपर्यंत पाहिलं आणि नाक वर करून वास घेतला.

सकाळचे पोहे हा मोठा पेच होता. शेवंता समोर बसून खायला लावायची. ती चहा आणायला आत वळली की शालिकराम बशी रुमालात उलटी करी, गाठ मारी आणि पुडकं ड्युटीच्या पिवळ्या हेल्मेटात दडवी. वाटेत झाडाखाली चिमण्यांना घालायचे, असा बेत. चिमण्या खूश होत्या. पण एक दिवस उशीर झाला, झाड राहून गेलं, आणि प्लांटच्या गेटवर सवयीने त्याने हेल्मेट सरळ डोक्यावर चढवलं. रुमालाची गाठ सुटली. तेलकट केसांवर हळदीचे पोहे छान चिकटले आणि एक मिरची कानावर येऊन थांबली. गेटवरच्या जवानाने बराच वेळ पाहिलं. मग गंभीरपणे म्हणाला, "अंकल, कौन सा तेल लगाते हो?"

दुपारचा डबा सोपा होता. त्याच्या शेजारी काम करणारा केवलराम, गोंदियाकडचा, सडाफटिंग, मेसचं खाऊन पिचलेला. "पोटाले आराम देऊन राहिलो मी, तूच खाऊन घे," असं शालिकराम पहिल्या दिवशी म्हणाला आणि मग काही म्हणायची गरजच उरली नाही. खोटं बोलायचं नाही, हा शालिकरामचा नेम. त्यामुळे घरी शेवंताने विचारलं, "डब्बा खाल्ला काय?" की तो म्हणे, "डब्ब्यात काही उरलं नाही." हे अक्षरशः खरं होतं. डबा धुतल्यासारखा यायचा. केवलरामच्या सदऱ्याची बटणं ताणली जाऊ लागली.

आणि इथेच घोटाळा झाला. शेवंताच्या स्वयंपाकाबद्दल एक गोष्ट समजून घ्या. तिला कुणी काळी म्हणा, जाडी म्हणा, भांडखोर म्हणा, ती हसून सोडून देईल. पण तिच्या हाताच्या चवीला कुणी बोट लावलं तर तिथे क्षमा नाही. प्रभूने सातांच्या सत्तर वेळा करायला सांगितली असली तरी नाही. नाताळात तिच्या अनारशांच्या शेजारी दुसऱ्या कुणाचे अनारसे ठेवायची सोय नव्हती. तर अशी ही शेवंता रुआबांध्याच्या बाजारात वांगी निवडत होती, शेजारची रुक्माबाई सोबत होती, आणि समोरून केवलराम आला.

"वैनी!" तो भरल्या पोटाच्या प्रेमाने म्हणाला. "काल पातोडीचा रस्सा काय जमला होता जी! बोटं चाटून राहिलो मी. सोमवारचे वांगे जरासे तिखट होते, पण चालते."

शेवंताच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. "तुम्ही कुठी खाल्ला माह्या हातचा रस्सा?"

"रोजच खातो ना वैनी. भाऊ देतेत. ते कुठी खातेत डब्बा!"

झालं! केवलराम गेला तो हसतमुखाने, आपण काय पेरून चाललो याची त्याला गंधवार्ता नाही. रुक्माबाई, म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेल्या गार्डाची बायको, तिला इंजिनाआधी धूर दिसायचा. तिच्या घरची बुद्धजयंतीची खीर शेवंताकडे, शेवंताचा नाताळचा फराळ तिच्याकडे, असा दोघींचा जुना घरोबा. ती हळूच म्हणाली, "बाई, माणूस तेल लावून राहिला, साबण लावून राहिला, एकटाच हसून राहिला. आणि घरचा डब्बा खात नाही. मंग जेवते कुठी?"

शेवंताने निवडलेली वांगी परत ठेवली. घरी येऊन ती ओट्यापाशी उभी राहिली आणि रडली. दुसरी बाई असेल, हे तिला एक वेळ सहन झालं असतं. त्या दुसऱ्या बाईच्या हातचं हा माणूस पस्तीस वर्षांच्या रश्श्यावर लाथ मारून खातो, हे काही केल्या गिळवेना.

त्या संध्याकाळी तिने ग्रुपवर एकच ओळ टाकली: माझ्या संसारासाठी प्रार्थना करा, कारण विचारू नका. कारण कुणीही विचारलं नाही. सगळ्यांनी ते आपापल्या मनाने ठरवून टाकलं. रविवारी भक्तीत शालिकराम बसला त्या बाकावर तो एकटाच बसला, आणि एका म्हाताऱ्या आत्याने त्याच्याकडे पाहून व्यभिचारावरचं गाणं आहे का, असं पेटीवाल्याला विचारलं. शालिकराम सगळ्यांकडे पाहून हसत होता. हसणं भाग होतं.

घरी आल्यावर शेवंताने बॅग काढली. "मी तुमसरले जातो भावाकडे. तुमी राहा तुमच्या चमेलीसंग."

"शेवंता, तसं काही नाही."

"मंग कसं आहे? सांगा. डब्बा कावून देता त्या केवलरामले?"

शालिकरामने तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. तेवढ्यात शेवंताने दोरीवरची साडी ओढायला हात वर केला, आणि त्याला तिच्या काखेतला तो बारका टाक्याचा व्रण दिसला. त्याचं तोंड मिटलं. बायको तुमसरला गेली तर तिला परत आणता येईल, असा हिशेब त्याने मनात केला. दुसरीकडे गेली तर कुठून आणणार?

"नाही सांगता येत," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच इतका राग आला की हसूसुद्धा आलं नाही.

शेवंताने बॅग तशीच ठेवली. पण दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आल्या आल्या त्याला स्कूटर काढायला लावली. "पाळकसाहेबांकडे चला मरोद्याले. त्याईच्या समोर सांगा, नाहीतर उद्याची गाडी पकडतो मी." रुक्माबाई फाटकात उभी राहून म्हणाली, "जा बाई. मी जागीच आहो."

पाळकसाहेबांच्या बैठकीत चहा आला, बिस्किटं आली. शेवंताने बांध फुटल्यासारखं सगळं सांगितलं. तेल, साबण, हसणं, डबा. शालिकराम बिस्किटांकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होता.

"पाहा," शेवंता म्हणाली, "बिस्कूटही नाही घेत. पोट भरून आले असन तिथून."

"शालिकराम," पाळकसाहेब कडक आवाजात म्हणाले, "मंडळीत तोंड दाखवायचं आहे ना? काय लपवता ते बोला."

"नाही बोलू शकत, साहेब."

"का नाही?"

"तुमीच म्हणले होते."

पाळकसाहेब चिडले. मी कधी म्हटलं, असं विचारायला ते पुढे झुकले आणि चमेलीचा भपकारा सरळ त्यांच्या नाकात गेला. ते थांबले. त्यांनी चोपडलेलं डोकं पाहिलं, घासून धुतलेलं तोंड पाहिलं, ओढलेलं ते केविलवाणं हसू पाहिलं, आणि न उचललेलं बिस्किट पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला की शेवंता घाबरली. बिचारे आयुष्यभर संदेश देत आले होते. मंडळी डुलत होती, चहा पीत होती, चांगलं बोलले म्हणत होती. ऐकून कुणी जसंच्या तसं वागलं, असं त्यांच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं होतं. त्यांना एकदम भरून आलं आणि त्याच वेळी हसूही फुटायला लागलं. पण बोलायची सोय नव्हती. स्वतःच्याच संदेशात तेही सापडले होते.

"शेवंताबाई," ते घसा खाकरून म्हणाले, "भस्म बुधवारी मी काय सांगितलं, आठवतं?"

"मी तं चहा करून राहिली होती."

"मग आता ऐका." आणि ते चक्क उभे राहिले. बिस्किटांच्या ताटलीपुढे उभं राहून त्यांनी तोच संदेश पुन्हा सुरू केला. "जो माणूस खरा उपास करतो, त्याने काय करावं? तर त्याने डोक्याला..."

"साहेब, नका!" शालिकराम ओरडला. तो इतका घाईने उठला की चहा त्याच्या पँटीवर सांडला. "पाया पडतो तुमच्या, नका सांगू! हिले कळलं का गाठ वापस येईन!"

एवढं बोलून त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. पण आता दाबून काय उपयोग?

शेवंता त्याच्याकडे पाहत राहिली. तिला एकेक गोष्ट समजत गेली, आणि प्रत्येक गोष्टीगणिक तिचा चेहरा बदलत गेला.

"माह्या गाठीसाठी?" ती म्हणाली. "उपाशी राहून राहिले तुमी?"

शालिकराम वर पंख्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"अहो शालिकराम," पाळकसाहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "प्रभू काय दुकानदार आहे का, घेतलेली गाठ वापस करायला? काही होत नाही. शांत व्हा." त्यांनी बरंच समजावलं. शालिकराम मान हलवत राहिला, पण त्याच्या चेहऱ्यावरचा रंग काही परतला नाही. भीती जानेवारीपासून मुक्कामाला होती, ती एका संध्याकाळी उठून जाणार नव्हती. शेवंताने ते पाहिलं. तिने पदराने डोळे पुसले आणि उठली.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "मले काही नाही समजलं. माह्या कानाचा परदा खराब आहे. मी काहीच ऐकलं नाही, आणि तुमीही काही बोलले नाही. चला हो घरी."

परतीच्या वाटेवर ती स्कूटरवर पदर सावरून बसली. मग त्याच्या पाठीशी तोंड नेऊन तिने विचारलं, "दवाखान्यात भेव लागला होता का तुमाले?"

हे विचारणं उपासात मोडत नव्हतं. शालिकरामने स्कूटर हळू केली.

"लई," तो म्हणाला. "पाणी आणाले गेलो ना, तवा मशीनच्या मागे रडलो."

"मंग माह्यासमोर कावून नाही रडले?"

"तू घाबरली असती."

दवाखान्यापासून आजपर्यंत शेवंता ज्या बेपर्वाईसाठी त्याला घालूनपाडून बोलत आली होती, ती बेपर्वाई कधी नव्हतीच, हे तिला आत्ता कळत होतं. तिने त्याच्या कमरेला हात घातला. भर रस्त्यावर, त्या वयात. चमेलीच्या वासाने तिला शिंका येत होत्या, तरी तिने डोकं मागे घेतलं नाही.

फाटकात रुक्माबाई होतीच. स्कूटर थांबायच्या आत तिने शेवंताला बाजूला घेतलं. "काय निघालं? आहे का कोणी?"

शेवंताने वळून पाहिलं. शालिकराम स्कूटर स्टँडवर लावता लावता तिच्याच काखेकडे बघत होता. ईस्टर अजून लांब होतं. खरं सांगितलं तर रुक्माबाईच्या पोटात ते रात्रभरही टिकलं नसतं, सकाळी सगळ्या सेक्टरने शालिकरामच्या उपासाची आरती ओवाळली असती, आणि तो मात्र रोज तिच्या काखेकडे बघत जीव मुठीत धरून बसला असता.

"हाव," शेवंता म्हणाली. "आहे एक. तिकडे कोहक्यात राहते."

"अवो माय!" रुक्माबाईने तोंडावर हात ठेवला. "आणि तिच्या घरी जेवते हा?"

"रोज."

"पण कावून बाई? तुह्यासारखं कोण रांधते इकडे?"

इथे शेवंताला क्षणभर अडखळायला झालं. तिने डोळे मिटले आणि म्हणून टाकलं, "ते माह्याहून चांगलं रांधते."

रुक्माबाईला हे इतकं लागलं की ती शेवंताच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागली. शेवंताही रडली, तिची कारणं वेगळी. मग रुक्माबाईने पदर खोचला आणि शालिकरामला असं काही फैलावर घेतलं की वरच्या मजल्यावरचे लोक खिडकीत आले. शालिकराम मान खाली घालून उभा होता. रुक्माबाईचा एक शब्दही त्याच्या कानात शिरत नव्हता. आपल्या बायकोने आपल्यासाठी काय म्हटलं, एवढंच त्याला ऐकू येत होतं, आणि पस्तीस वर्षांत तिचा आपल्यावर इतका जीव असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.